तुतारी नेमकी कुणाची?

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाची वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

बिरवाडीहून बोलतोय, तालुका महाड.

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचंय. तुतारी. मोबाइलमध्ये हा शब्द टाकून बघा. गाडीचं वेळापत्रक येतं, निवडणुकीच्या बातम्या येतात, केशवसुत येतात, आणि या गर्दीत कुठंतरी खरीखुरी, फुंकायची तुतारी येते. या सगळ्यांचा एकमेकांशी व्यवहार काडीचा नाही. नाव तेवढं एक.

आधी मूळ मालकाबद्दल. तुतारी म्हणजे धातूची वाकवलेली नळी, पितळेची नाहीतर तांब्याची. सनईसारखी तिला भोकं नसतात. ओठ किती आवळले आणि फुंक किती जोरात मारली, त्यावर सूर बदलतो. त्यामुळे सूर निघतात ते मोजकेच. तुतारीवर गाणं वाजवता येत नाही, वर्दी देता येते. आमच्या खालूबाजात राबतात ते सनईवाले आणि ढोलवाले. तुतारीवाला पालखी उठताना, नवरदेव आत येताना दोनदा फुंकतो, की झालं. पण त्या दोन फुंकांसाठी छातीत दम लागतो, आणि तो काही यूट्यूब बघून येत नाही.

आता रेल्वे. आमचं स्टेशन वीर. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला आणि पुढं १९९८ मध्ये सबंध मार्ग. या मार्गावर दादर ते सावंतवाडी अशी राज्यराणी एक्स्प्रेस होती. मे २०१७ मध्ये तिचं नाव तुतारी एक्स्प्रेस झालं. त्या वेळी रेल्वेमंत्री सुरेश प्रभू होते. हे नाव वाद्यावरून नाही हं, कवितेवरून. केशवसुत मालगुंडचे, म्हणजे कोकणातलेच, आणि त्यांची ‘तुतारी’ १८९३ सालची. म्हणजे वाद्याचं नाव कवितेला आणि कवितेचं गाडीला. मला हे नामकरण आवडतं. कुठल्यातरी राजाराणीपेक्षा कवितेच्या नावाची गाडी बरी.

त्याच मे महिन्यात मुंबई ते गोवा तेजस एक्स्प्रेस सुरू झाली. ती आमच्या वीरला न थांबता जाते, तो रुसवा वेगळा. पण तेजस हे नाव आधी लढाऊ विमानाला होतं. आणि बेंगळुरूत २००० साली निघालेली तेजस नेटवर्क्स नावाची कंपनी आहे, जी इंटरनेटचा भार वाहणारी यंत्रं बनवते. तीन तेजस झाले. विमानाच्या चौकशीसाठी वीरच्या तिकीटखिडकीवर कुणी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कायदाही साधारण याच समजुतीवर चालतो. व्यापारचिन्हांची नोंदणी पंचेचाळीस वर्गांत होते. वाद्यं पंधराव्या वर्गात, दूरसंचार अडतिसाव्यात, प्रवासवाहतूक एकोणचाळिसाव्यात. तुमचं दुकान एका वर्गात आणि माझं दुसऱ्यात, तर एकच नाव दोघांनी वापरायला सहसा अडचण नाही. फार गाजलेलं नाव असेल तर गोष्ट वेगळी. आणि गंमत अशी की तुतारी बनवणाऱ्याला तुतारी या मालासाठी ‘तुतारी’ हे नाव स्वतःपुरतं राखून ठेवता येत नाही, कारण ते त्या वस्तूचंच नाव. बिस्किटवाल्याला ते मिळू शकेल, ज्याच्या घरात चार पिढ्या तुतारी आहे त्याला नाही!

म्हणजे वर्ग वेगळे असेपर्यंत ठीक चालतं. एकाच वर्गात दोन तुताऱ्या बसल्या की काय होतं, ते आपण २०२४ साली बघितलं.

२४ फेब्रुवारी २०२४. शरद पवारांच्या पक्षानं आपलं नवं चिन्ह लोकांपुढं आणलं ते आमच्याच तालुक्यात, रायगडावर. चिन्हाचं पूर्ण नाव ‘तुतारी वाजवणारा माणूस’. एवढं लांब नाव प्रचारात कोण घेणार? गावोगाव ‘तुतारी’ एवढंच गेलं. आणि लोकसभेला अपक्षांसाठीच्या मोकळ्या चिन्हांत ट्रम्पेट होतं, त्याचंही मराठी ‘तुतारी’. कानावर शब्द एकच, मतदान यंत्रावर चित्रं दोन. आमचा पोलादपूरचा घाट चढून गेलं की सातारा जिल्हा लागतो. तिथं पवारांचे उमेदवार ३२,७७१ मतांनी पडले आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत तर तशाच चिन्हाच्या अपक्षानं १,०३,६३२ मतं घेतली. आता ही सगळीच मतं चुकून गेली असं मी म्हणणार नाही, मतदाराच्या मनात कुणी डोकावलेलं नाही. पण इतकी मतं त्या अपक्षांच्या ओळखीवर पडली, हेही पटत नाही. पुढं लोकांनीच त्या चिन्हाचं नाव पिपाणी करून टाकलं. तो शब्द यादी करणाऱ्यांना आधी सुचला असता तर बरं झालं असतं.

या सगळ्यात माझा जीव अडकलाय तो आमच्याकडच्या एका तुतारीवाल्यात. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. लग्नसराई आणि पालख्या, यावरच त्याची वरकमाई. त्या उन्हाळ्यात त्याला आमंत्रण देताना लोक दोनदा विचार करायला लागले. एका मांडवात यजमानच म्हणाले, “अहो दादा, तुतारी नको आज, दोन्हीकडचे पाहुणे आहेत. उगाच चर्चा.” त्यानं पिशवीतून काढलेली तुतारी तशीच परत ठेवली. पैसे मिळाले, सुपारी मोडली नाही. पण न वाजवता पैसे घ्यायला त्याला लाज वाटली, असं तो मला म्हणाला. पक्षाला चिन्ह बदलून मागता येतं, रेल्वेला नाव बदलता येतं. यानं काय बदलायचं?

त्याच्या मुलानं आता मोबाइलवर जाहिरात टाकलीय. नुसतं ‘तुतारी’ लिहून भागत नाही म्हणून ‘तुतारीवादक, बिरवाडी’ असं लिहिलं. तर पहिला फोन आला रोह्याकडून. तिकडं बिरवाडी नावाचा किल्ला आहे, जिल्हा आपलाच. त्या माणसाला वाटलं, हा गडाच्या पायथ्याचाच. पोरानं आता ‘महाडची बिरवाडी’ अशी दुरुस्ती केलीय. रोह्याचं काम मात्र घेतलं, आणि बापलेक जाऊनही आले.

चला, इथंच थांबतो. पुढच्या भागात भेटू.