तांब्याच्या पत्र्यावरचे अंगण

श्रोते हो, आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजला. भांड्यावर नाव घालताना ठोका जरा चुकला की तो कायमचा राहतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. आज धातूवर काढलेल्या चित्रांविषयी थोडे बोलू.

या चित्रांच्या एका रीतीला अम्लरेखन म्हणतात. तांब्याच्या पत्र्याला मेणाचा लेप द्यायचा, सुईने तो खरवडून चित्र काढायचे आणि पत्र्यावर अम्ल सोडायचे. उघडे पडलेले तांबे तेवढे अम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर ठसा घ्यायचा. जवळची वस्तू ठळक हवी, तर तिच्या रेघा अम्लाला जास्त वेळ खाऊ द्यायच्या; दूरची फिकट हवी, तर कमी वेळ. जिथे रेघच नाही, तिथे कागद पांढरा राहतो. तोच चित्रातला उजेड, बरं का!

डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५६ साली बायबलातला एक प्रसंग असा काढला. वृद्ध अब्राहामाच्या दारी तीन पाहुणे येतात. तो त्यांना जेवू घालतो. सारेला मुलगा होईल, असे ते सांगतात. दाराआडून ऐकणारी त्याची म्हातारी बायको सारा मनात हसते.

चित्र जेमतेम १६ सेंटिमीटर उंच. पण जागा कशी वाटली आहे पाहा. पाहुणे दारापुढे खाली अंथरलेल्या बैठकीवर बसले आहेत. यजमान अब्राहाम त्यांच्याहूनही खाली, कोपऱ्यात, हातात सुरई घेऊन अदबीने वाकलेला. सारा अर्धवट उघड्या दारामागे. थोरला मुलगा इश्माएल मात्र सर्वांकडे पाठ करून कठड्यापलीकडे बाण सोडतो आहे. पुढे घराबाहेर जावे लागते ते यालाच! कोण कुठे आहे, एवढ्यावरून सारे घर कळते.

युरोपातले चित्रकार असे पाहुणे बहुधा मेजाभोवती बसवीत. मग ही जमिनीवरची बैठक आली कुठून? आपल्या देशातून. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचे एक मुघल चित्र रेम्ब्रांटने उतरून घेतले होते. ही बैठक त्यावरूनच सुचली, असे जाणकार मानतात.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. १५८० साली गोव्याचे जेझुइट पाद्री अँटवर्पला छापलेले सचित्र बायबल घेऊन फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेले. अशा छापील चित्रांवरून मुघल चित्रकारांनी छाया आणि दूरचा देखावा दाखवण्याची रीत उचलली; पण आपली बैठक सोडली नाही.

गुरुजनहो, वर्गातले एखादे मूल तलाव वरून पाहिल्यासारखा गोल काढते आणि पाळीवरची झाडे चहूकडे आडवी करते. चूक म्हणून ते लगेच पुसू नका. त्याने सगळी झाडे दाखवली आहेत. एका जागी उभे राहून ती तशी दिसत नाहीत, इतकेच. त्याला पाळीवर घेऊन जा, तिथून काय दिसते ते काढू द्या, आणि दोन्ही चित्रे भिंतीवर शेजारी शेजारी लावा.