धुण्याचे मशीन : अडण्याआधी आणि अडल्यावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोठ्या विषयांवर बोलणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळजणी आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. तेव्हा मी माझ्या रोजच्या कामातलाच विषय घेतला आहे. तो म्हणजे धुण्याचे मशीन. ज्याचे झाकण वरून उघडते ते. आपल्या लोधिवलीत ते आता पुष्कळ घरी आहे. मशीन आले, हप्तेही फिटले. पण ते अडले की आपण घरातल्या पुरुषमाणसांची नाहीतर मेकॅनिकची वाट पाहत बसतो. जे मशीन रोज आपल्या हाताखाली चालते, त्याची माहितीही आपल्याच हाती असावी, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

वीज आपल्या भागाला नवी नाही. घाटावरच्या लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खाली आणून टाटांनी खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू केले. कर्जतकडच्या भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. खोपोलीचे पाणी पुढे आपल्या पाताळगंगेत येते. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि आपल्या आज्या-सासवा नदीकाठी दगडावर धुणे आपटीत राहिल्या. त्यांच्या कंबरेचे कष्ट आज आपल्या घरी वीज करते. मग तिची रीतभात आपण शिकून घ्यावयास नको का?

म्हणून आधी विजेचे बोलते. माझे बाकीचे सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका. मशीनच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांतली जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती आपल्या जिवाची राखण करते. सॉकेटात बसत नाही म्हणून ती कापू नये, की दोन पिनांचा जोड लावू नये. मशीनला हात लावताच झिणझिण्या आल्या तर "ओल आली असेल" म्हणून सोडून देऊ नका, आणि पायात चप्पल घालून धुणे पुरे करू नका. मशीनला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करावा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. घरात ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी बसवून घेतले तर वीज गळताच ते क्षणात प्रवाह तोडते. आपल्याकडे पुष्कळ घरी मशीन पडवीत नाहीतर मोरीजवळ असते. तेथे पावसाची झड बोर्डापर्यंत येते. बोर्ड उंच आणि कोरड्या जागी हवा. मशीनवर बादलीने पाणी ओतून ते धुऊ नये. प्लग काढून ओल्या फडक्याने पुसावे.

आता कपड्यांकडे वळू. मशीनवर सहा किलो, सात किलो असे लिहिलेले असते, ते कोरड्या कपड्यांचे वजन. टोप गच्च दाबून भरला तर कपडे फिरत नाहीत, मळ निघत नाही आणि मोटरीवर ताण येतो. वरून हात सहज आत जाईल इतकेच भरावे. लावणीच्या दिवसांतले चिखलाचे कपडे आधी बादलीत खळबळून घ्यावेत, नाहीतर सगळी माती टोपाच्या तळाशी बसते. खिसे उलटून पाहावेत. नाणे आणि केसांची पिन ही मशीनची मोठी शत्रू. नऊवारी लुगडे घडी करून जाळीच्या पिशवीत घातले म्हणजे इतर कपड्यांना पीळ बसत नाही.

गोधडी, रेनकोट आणि ताडपत्री मात्र मशीनमध्ये पिळू नये. रेनकोटात पाणी साठून राहते, टोपाचा तोल जातो आणि मशीन उड्या मारू लागते. ही गंमत नव्हे. अमेरिकेत २०१६ च्या नोव्हेंबरात एका मोठ्या कंपनीला वरून उघडणारी सुमारे २८ लाख मशीने परत बोलवावी लागली. जाडजूड आणि पाणी धरणारे कपडे जोराने पिळताना मशीन इतके हादरे की वरचे झाकणच निसटून येई आणि माणसांना लागे.

साबणाविषयी एक समजूत आहे की फेस जास्त तितका मळ जास्त निघतो. तसे नाही. जास्त फेसाने कपडे नीट घासले जात नाहीत, खळबळणे लांबते आणि साबणाचा थर टोपाच्या मागे साचून वास येतो. वरून उघडणाऱ्या मशीनचीच पावडर, मापाने घालावी.

आता मशीन अडले तर काय करावयाचे ते सांगते. मेकॅनिकला बोलावण्याआधी पाच मिनिटे आपली.

मशीन सुरूच होत नसेल तर प्लग, बोर्डाचे बटण आणि एमसीबी पाहावे. झाकण पुरते लागले आहे ना, मुलांनी हात लावू नये म्हणून असते ते कुलपाचे बटण दाबले गेले नाही ना, हेही पाहावे.

पाणी येत नसेल तर नळ आणि टाकी पाहावी, नळीला मोड पडली आहे का ते पाहावे. तरीही येत नसेल तर वीज आणि नळ बंद करून नळी मशीनच्या बाजूने सोडवावी. तेथे आत एक बारीक जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाण्याने ती बुजते. जुन्या दातघासणीने हलक्या हाताने घासली की पाणी पूर्ववत येते.

पाणी जात नसेल तर सांडपाण्याची नळी पाहावी. यात दोन प्रकार आहेत. काही मशीनांत पाणी पंपाने बाहेर जाते, त्यांची नळी पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर हवी. पुष्कळ मशीनांत मात्र पाणी आपोआप उताराने जाते. त्यांची नळी जमिनीलगतच हवी. आपल्या आळीतल्या एका बाईंच्या घरी झाडताना कोणीतरी ती नळी उचलून खिळ्याला अडकवली. पाणी निघेना. आलेल्या माणसाने नळी खाली सोडली आणि भेटीचे पैसे घेऊन गेला.

मशीन धडधडत असेल तर ते थांबवावे, टोप पुरता थांबल्यावरच झाकण उघडून कपडे सारखे पसरावेत. फिरत्या टोपात हात घालू नये आणि मुलांना घालू देऊ नये. तरीही धडधडले तर मशीन हलते का पाहावे. पाय फिरवून चारही जमिनीला टेकवावेत.

मशीनवर अक्षरेही उमटतात. पुष्कळ मशीनांवर आय-ई म्हणजे पाणी येत नाही, ओ-ई म्हणजे पाणी जात नाही, यू-ई म्हणजे तोल गेला. प्रत्येक कंपनीची अक्षरे निराळी असतात. पुस्तिकेतला तक्ता वहीच्या कागदावर मराठीत उतरवून मशीनजवळच्या भिंतीवर लावावा.

जळल्याचा वास आला, खालून पाणी गळू लागले किंवा मोटर नुसती घुमून टोप फिरेना, तर मात्र आपले काम संपले. प्लग काढून मेकॅनिकच बोलवावा. त्याच्यासाठी क्रमांक पावतीवरून किंवा पुस्तिकेतून घ्यावा. मोबाईलवर शोधून मिळणाऱ्या क्रमांकांत खोटेही असतात. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर तो देऊ नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे. दुरुस्तीची पावती आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खोपोलीच्या वीजघराचे सालही तेच, म्हणून आपल्याला तो विसरायला नको.

राहिली रोजची निगा. धुणे झाले की आतली कचऱ्याची जाळी उलटून धुवावी. फाटली तर नवी आणावी. टोप वाळेपर्यंत झाकण उघडे ठेवावे. महिन्यातून एकदा रिकामे मशीन लिंबूसत्त्व घालून चालवावे. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे थर त्याने सुटतात. पण लिंबूसत्त्व आणि कपडे पांढरे करण्याचे ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. आणि मशीनच्या तळाला उंदीर न शिरण्याची जाळी बसवून घ्यावी. भाताच्या कणग्या असलेल्या घरांत उंदीर असायचेच, आणि वायर कुरतडायला त्यांना वेळ लागत नाही.

भगिनींनो, यातले एकही काम अवघड नाही. निवडणे-टिपणे, जाते टाकवून घेणे, चूल सारवणे हे जसे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही, तसेच हेही. मात्र शिकल्यावर ते आपल्यापुरते ठेवू नका. मुलीला दाखवा आणि मुलालाही दाखवा. बटण बाईने दाबले की पुरुषाने, हे मशीनला कळत नाही. तेव्हा धुणे हे बाईचेच काम असेही त्याचे म्हणणे नाही.