आहारविकारातून सावरताना पोटॅशियम



पांढुर्णा व सौंसर भागातील संत्राबागायतदारांना पोटॅश हा शब्द नवा नाही. झाडाच्या खतात त्याचा हिशेब कटाक्षाने ठेवला जातो. त्यातले पोटॅशियम मनुष्यदेहासही लागते. स्नायूंचे काम व हृदयाचे नियमित ठोके त्यावर अवलंबून असतात.

वजन वाढेल या भीतीने महिनोन्‌महिने अन्न टाळणे, किंवा भरमसाट खाऊन मुद्दाम ओकणे व जुलाबाची औषधे घेणे, हे आजार होत, हट्ट नव्हेत. उपासाच्या नावाखाली ते घरात पुष्कळदा खपून जातात. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घटते. मग पायांत गोळे येतात, अशक्तपणा व धडधड जाणवते. कधी पूर्वसूचनेविनाच हृदयाची लय बिघडते.

खरी सावधगिरी मात्र रुग्ण पुन्हा जेवू लागतो तेव्हा हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांपैकी काही जण भरपेट अन्न मिळताच दगावले. अन्न पोटात जाताच इन्सुलिन वाढते आणि रक्तातील पोटॅशियम, फॉस्फरस पेशींत ओढले जातात. यास्तव फार खंगलेल्या रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, हळूहळू वाढवावा. आजीच्या मायेने पहिल्याच दिवशी ताट भरू नये.

प्रौढास दिवसाला सुमारे 3,500 मिलिग्रॅम पोटॅशियम हवे. शंभर ग्रॅम संत्र्यात ते दीडशेच्या आसपास, तेवढ्याच केळ्यात साडेतीनशे आणि बटाट्यात सुमारे चारशे असते. तीस ग्रॅम कोरड्या तूरडाळीतूनही तीन-चारशे मिळते. म्हणजे संत्र्यांच्या मुलखातही भर वरणावरच अधिक द्यावा लागेल. भाजी उकळून पाणी ओतून दिल्यास त्याबरोबर पोटॅशियमही जाते. ते पाणी वरणात घालावे.

आंबिया बहाराच्या दिवसांत घरोघरी संत्र्यांचे ढीग असतात. अशा वेळी रुग्ण 'फळे खातो ना' म्हणून पोळी, भात, वरण टाळू लागला, तर घरच्यांनी समाधान मानू नये. फळावर राहणे हा पुष्कळदा त्याच आजाराचा नवा वेष असतो. भात-वरण, दूध, दही, बटाटा, शेंगदाणे, अखेरीस फळ, असे थोडे-थोडे, ठरल्या वेळी आणि कोणाच्या तरी सोबतीने खाणे उत्तम. उलटी चालूच राहिली, तर मात्र नुसत्या आहाराने भरपाई होणे कठीण.

पोटॅशियमचे औषधी क्षार स्वतःच्या मताने घेऊ नयेत. अधिक झाल्यास तेही हृदयास घातक ठरतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर हा आहारही विचारूनच ठरवावा.

डबा तसाच परत नेणारी, जेवणानंतर लगेच नाहीशी होणारी विद्यार्थिनी वा विद्यार्थी शिक्षकांना आधी दिसतो. चारचौघांत वजनावर बोलू नये; पालकांना एकांतात भेटून दवाखान्याची वाट दाखवावी. मूर्च्छा आली वा छातीत धडधड थांबेना, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मनाच्या त्रासासाठी 2022 पासून टेली-मानसची 14416 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.