इंचभर वेताळ



टेबलाभोवती बसून खेळायचे भयकथांचे खेळ असतात. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात. १९८१ सालचा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ हा त्यातला गाजलेला खेळ. पटावर इंच-इंचाचे चौकोन आखून प्रत्येक पात्राची गोल सोंगटी मांडतात. आता धार-देवासच्या मुलांनी सुट्टीत असा डाव मांडला, तर सोंगटीवर चिकटवायला भूत कुठून आणायचं?

परदेशी भुतं आयती मिळतात. पण दारात विहीर असताना टँकर कशाला बोलवायचा? शेजारच्या उज्जैनचा विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचा वेताळ आहेच की! सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त तर हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. रिचर्ड बर्टननं १८७० साली विक्रम-वेताळाच्या या गोष्टी लंडनला इंग्रजीत छापल्या, त्यात अर्नेस्ट ग्रिसेची चित्रं आहेत. बर्टनचा वेताळ वटवाघळासारखा पायाच्या बोटांवर फांदीला लोंबकळतो. बरगड्या मोजून घ्याव्यात, डोळे सताड उघडे, आणि जिवंतपणाची खूण काय ती बोकडासारखी हलणारी शेपटी!

ग्रिसे १९०७ साली वारला. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तेव्हा ही चित्रं मोकळी झाली. ‘चांदोबा’ मासिकातला वेताळ मात्र आपल्या कितीही ओळखीचा असला, तरी तो काढणारे शंकर २०२० साली गेले, म्हणजे त्या चित्रांवरचा हक्क अजून संपलेला नाही. विकायच्या सोंगट्यांवर तो विनापरवाना छापू नये.

एक पथ्य मी हक्काच्याही वर ठेवीन. खोल गेलेले डोळे, गळ्यात मुंडमाळ असं चामुंडेचं उग्र रूप जुन्या शिल्पांत दिसतं. चित्र म्हणून ते जबरदस्तच आहे. पण देवासच्या टेकडीवर जिच्यासाठी आजी पायऱ्या चढते, तिला आपण पटावर राक्षस म्हणून मांडायचं नाही.

त्यापेक्षा मांडूला जा. पानं झडलेली गोरखचिंच बघा : फुगलेलं करडं खोड, आणि मुळंच आभाळात गेल्यासारख्या फांद्या. फोटो तुम्हीच काढलात की कुणाची परवानगी नको, आणि झपाटलेलं झाड तयार.

चित्र निवडताना बारकाव्यांना भुलू नका. इंचभर जागेत रक्ताचे थेंब, सुरकुत्या काही दिसत नाही. दिसते ती बाह्याकृती. चित्र लहान करून हातभर लांब धरा. कोण आहे ते लगेच कळलं, तरच कात्री लावा. इंचाला ३०० ठिपके एवढं चित्र स्पष्ट असलं, की छपाई फाटत नाही. मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवून गोल कापा.

आणि वेताळाच्या सोंगटीवर वरची बाजू दाखवणारी खूण करू नका. चार बाजूंना चौघं बसलेले असतात. तो लोंबकळतोय की अंगावर येतोय, हे ज्याचं त्यानं आपल्या जागेवरून ठरवावं.