संशोधनाची वार्ता आणि आपली ओसरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या या सत्रात चार शब्द सांगावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तिचा आम्ही आदरपूर्वक स्वीकार केला आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे आणि वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि अध्यापनात गेलेले आयुष्य, एवढेच आमचे भांडवल. तथापि मुलांना ‘का?’ असे विचारावयास शिकविणे हा ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्याने शास्त्राविषयी काही प्रश्न उपस्थित केले तर आपण ते गोड मानून घ्याल अशी आशा आहे.

हल्ली आपल्या घरोघरी सायंकाळच्या गप्पांना एक नवा विषय मिळाला आहे. ओसरीवर मंडळी बसली की कोणी वर्तमानपत्रातून, कोणी मोबाईलवरून वाचून दाखवितो: अमुक देशातील शास्त्रज्ञांना असे आढळले की चहाने स्मरणशक्ती वाढते, तमुक विद्यापीठाने उंदरांवर प्रयोग केला आणि उंदीर दीर्घायुषी झाले. ही जिज्ञासा आम्हांस मोलाची वाटते. परंतु ऐकणारांचे दोन वर्ग पडतात, आणि दोन्ही वर्ग पाहून चिंता वाटते. पहिला वर्ग म्हणतो, छापून आले त्या अर्थी खरेच असणार. दुसरा म्हणतो, “आमचे आजोबा नव्वद वर्षे जगले, त्यांनी कोणते संशोधन वाचले होते?” पहिला विचार न करता मान डोलावितो, दुसरा विचार न करता मान हलवितो. मान दोघांचीही हलते. डोके मात्र जागचे हलत नाही!

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रत्येक संशोधन म्हणजे एका विवक्षित प्रश्नाला मिळालेले उत्तर असते. प्रश्न कोणता होता हे समजून घेतल्यावाचून त्या उत्तराचा उपयोग होत नाही. कित्येकदा अपायच होतो. हे केवळ पांडित्य नव्हे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने याची फार मोठी किंमत मोजली आहे.

२०१७ सालचा खरीप हंगाम आपणांपैकी कोण विसरेल? त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती. गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला जुमानीनाशी झाली होती. फवारणीवर फवारणी चालली. एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधे मिसळली जात. हवा दमट, झाडे छातीच्या वर, आणि अंगावर साधा सदरा. जुलैपासून पुढे काही महिन्यांत फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडू लागल्या. ती माणसे आपल्याच गावची होती. कोणाच्या वावरात सालदार, कोणाच्या बांधाला बांध लागलेला शेजारी. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉस या जहाल औषधाच्या प्रचलित द्रवरूपावर बंदीचा आदेश काढला.

आता हे विष माणसाच्या शरीरात करते तरी काय, याचे उत्तर ज्या प्रयोगात सापडले त्याची हकीकत ऐका. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी नावाच्या प्राध्यापकाने दोन बेडकांची हृदये काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या मज्जातंतूला विजेने चेतविताच त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्या भोवतीचे पाणी घेऊन लोवीने दुसऱ्या हृदयास दिले, तो काय आश्चर्य! कोणीही मज्जातंतूला न चेतविता दुसरे हृदयही मंदावले. मज्जातंतू आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या रूपाने पोचवितो हे सिद्ध झाले. या द्रव्याचे नाव ॲसिटिलकोलिन. या शोधाकरिता लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही कल्पना आपणांस रात्री झोपेत सुचली असे लोवी सांगत असे.

निरोप पोचला की निरोप्याने निघून जावयास हवे. म्हणून शरीरात एक पाचक द्रव्य असते, ते ॲसिटिलकोलिनचा क्षणात निकाल लावते. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके या पाचक द्रव्यालाच जखडून टाकतात. मग निरोप थांबत नाही. दारावरची कडी कोणी अखंड वाजवीत राहावी तशी शरीराची स्थिती होते. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. अळीच्या शरीरातही निरोपाचे द्रव्य हेच असते, म्हणून अळी मरते. आणि म्हणूनच माणूसही मरतो. डॉक्टर अशा रोग्यास ॲट्रोपीन टोचतात, ते ॲसिटिलकोलिनचा परिणाम अडविते. बेडकावरचा तो प्रयोग ज्यांना निरुपयोगी वाटला असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की यवतमाळच्या खाटेवरील रोग्याला दिलेल्या त्या सुईमागे अशाच प्रयोगांची परंपरा उभी आहे.

मात्र येथेच सावध राहावयास हवे. सर्व कीटकनाशके या एकाच रीतीने काम करीत नाहीत आणि सर्वांवर उतारा एक नाही. याकरिता रोग्याबरोबर औषधाची बाटली किंवा तिचे वेष्टन रुग्णालयात नेणे अगत्याचे आहे. घरगुती उताऱ्यात वेळ दवडू नये.

बेडकानंतर आता उंदराकडे वळू. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग भरलेला असतो: लाल, पिवळा, निळा अथवा हिरवा. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. हा रंग ठरतो कसा? प्रयोगशाळेत उंदरांना ते द्रव्य देतात आणि किती मात्रेने निम्मे उंदीर मरतात ते पाहतात. पोटात गेलेल्या द्रव्याच्या बाबतीत, शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅम वा त्याहून कमी मात्रेने हे घडले तर रंग लाल, ५१ ते ५०० पर्यंत पिवळा, ५०१ ते ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा.

आता आमचा मूळ मुद्दा पाहा. उंदराला विचारलेला प्रश्न एवढाच होता: हे एक द्रव्य, एकदा दिले असता, किती मात्रेने ठार करते? उंदराला कोणी तीन औषधांचे मिश्रण दिले नव्हते. त्याने उन्हात आठ तास पाठीवर गळका पंप वाहिला नव्हता. मध्येच त्याच हातांनी खर्रा मळून तोंडात टाकला नव्हता. उंदराने दिलेले उत्तर खोटे नव्हे. परंतु आपल्या वावरातील प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. म्हणून ‘पिवळा आहे, लाल नाही, मग भय कसले?’ असे म्हणणाराने त्या उत्तरावर नको इतका भार टाकला, असे म्हणावे लागते.

तिसरे उदाहरण मेंदूविषयी आहे, आणि ते आमच्या भगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजुरांची वस्ती मोठी आहे. तेथील संशोधकांनी गर्भवती मातांच्या लघवीत ऑर्गेनोफॉस्फेटचे अंश मोजले आणि पुढे त्यांची मुले सात वर्षांची झाल्यावर त्या ३२९ मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ज्या मातांच्या शरीरात हे अंश सर्वाधिक होते त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक, सर्वांत कमी अंश असणाऱ्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला.

यावरून घाबरून जावे काय? नाही. येथे दोन गोष्टी सोबत आढळल्या आहेत. एकीमुळेच दुसरी घडली हे एवढ्यावरून पूर्ण सिद्ध होत नाही. पोळा सरला की पाऊस भोळा होतो, म्हणून बैलांनी पाऊस घालविला असे आपण म्हणत नाही. तेथील औषधे, मात्रा आणि राहणी आपल्याहून वेगळी आहे. पण मग हसून सोडून द्यावे काय? तेही नाही. गर्भवती सुनेला नुकत्याच फवारलेल्या वावरात निंदणाला न पाठविणे आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळणे, यासाठी खर्च तो किती? पुरावा अपुरा असला आणि सावधगिरी स्वस्त असली, तर शहाण्याने सावधगिरी पत्करावी.

शेवटचे उदाहरण गिधाडांचे. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडे घटकाभरात हाडे उघडी करीत. पुढे ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात हजारी एकच उरले, असे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी दाखविले. काही लोक तेव्हा साथीच्या रोगाकडे बोट दाखवीत. २००४ साली कारण उघड झाले: गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले ढोर लवकरच मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. जे औषध बैलाला आराम देई, तेच पक्ष्याला मारी. २००६ साली भारत सरकारने त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध त्याऐवजी उपलब्ध आहे.

या कथेला २०२४ साली नवे प्रकरण जोडले गेले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की गिधाडे नाहीशी झाल्याने सडकी प्रेते पडून राहिली, पाणी दूषित झाले, मोकाट कुत्री व पिसाळण्याचा धोका वाढला, आणि २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक मृत्यू पावली. आकडा ऐकून छाती दडपते. पण हा आकडा प्रेते मोजून आलेला नाही. जेथे पूर्वी गिधाडे पुष्कळ होती ते जिल्हे आणि जेथे ती विरळ होती ते जिल्हे, यांच्या मृत्युप्रमाणातील फरकावरून बांधलेला तो अंदाज आहे. अंदाज म्हणून तो गंभीरपणे घ्यावा, जनगणना म्हणून सांगत फिरू नये. कुत्र्याच्या दंशाबद्दल मात्र अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी; रोग मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा कोणी वाचत नाही.

सारांश, ओसरीवर पुढल्या खेपेस ‘संशोधकांना असे आढळले’ हे वाक्य ऐकू आले की पाच प्रश्न विचारावेत. प्रयोग कोणावर केला: बेडकावर, उंदरावर, की माणसावर? किती जणांवर आणि किती काळ? हे घडले म्हणून ते घडले, की दोन्ही नुसती सोबत घडली? खर्च कोणी केला आणि लाभ कोणाचा? आणि पाचवा प्रश्न, जो आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो: हे खरे धरले तर उद्या सकाळी आमच्या घरात काय बदलावयाचे? ज्याला पाचव्या प्रश्नाचे उत्तर नाही, ती वार्ता करमणुकीची समजावी. ज्याला उत्तर आहे, ती वार्ता चार घरी सांगितलीच पाहिजे.

आता मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, मृग लागण्यापूर्वी प्रत्येक गावी आपल्या शिकत्या मुलामुलींनी कीटकनाशकांची वेष्टने मोठ्याने वाचून त्यांचा अर्थ घरच्यांना व मजुरांना सांगावा. ज्या सालदाराला अक्षर येत नाही त्याला निदान लाल त्रिकोण ओळखता यावा. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण वाट्या-डब्या लुटतो. त्यांऐवजी एखादे वर्षी रबरी हातमोज्यांची जोडी लुटावी. वाणाचे पुण्य त्याने उणे होणार नाही, आणि घरचा माणूस फवारणीहून धडधाकट परतावा ही इच्छा तर प्रत्येक सुवासिनीची असतेच.

२०१७ साली जे ज्ञान हवे होते ते जगात कोठे नव्हते असे नाही. ते पुस्तकांत होते, प्रयोगशाळांत होते, डब्यावरील बारीक अक्षरांतही होते. ते वावराच्या बांधापर्यंत पोचले नाही, एवढेच. ते पोचविण्याचे काम शास्त्रज्ञाच्या हातून एकट्याने होणारे नाही. ते वाचणाऱ्या मुलाचे, ऐकणाऱ्या आईचे आणि प्रश्न विचारणाऱ्या शेजाऱ्याचे काम आहे. आपला समाज या कामी मागे राहणार नाही असा विश्वास आम्ही व्यक्त करतो.