मैदानही कॉलेजच
(मूल येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, वकील नव्हे. तरी आज कायद्याच्या पदवीबद्दल बोलणार आहे. इथल्या दोघीतिघी एलएल.बी. करताहेत आणि घरचे त्यांना विचारतात, कोर्टात उभी राहणार नाहीस तर शिकतेस कशाला?

एका कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. पहिलं वर्षभर काम एवढंच, चहा प्यायचा आणि रजिस्टरवर सही करायची. मग कबड्डीच्या संघातली एक मुलगी आली. परगावच्या स्पर्धेहून परतताना गाडीत, संघाबरोबरच्या माणसाने तिला त्रास दिला होता. ती दीड तास बोलली, मी ऐकलं. ते मला येतं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, हे तं कॉलेजच्या बाहेर झालं. अन् चार महिने होऊन गेले." यावर मी निरुत्तर. समितीतही तेच ऐकू आलं: आवारातली घटना नाही, तीन महिन्यांची मुदत संपली, कागद बंद करा.

त्या रात्री कायदा शिकलेल्या मैत्रिणीला फोन केला. तिने विद्यापीठ अनुदान आयोगाची 2015 ची नियमावली काढली. 'कॅम्पस'च्या व्याख्येत क्रीडास्पर्धेची जागा स्पष्ट लिहिलेली आहे, संस्थेने दिलेलं वाहनही. आणि कारणं लेखी नोंदवून समिती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. कारण काय लिहायचं? खरं तेच लिहिलं. प्रवेशिका, वयाचा दाखला, निवड, प्रवास, सगळं त्या एकाच माणसाच्या हातात होतं. विद्यापीठाच्या संघात निवड होईपर्यंत मुलगी तोंड कशी उघडणार?

तक्रार दाखल झाली, चौकशी झाली, त्या माणसाकडून संघाचं काम काढून घेतलं. मुलगी मात्र त्या हंगामात खेळली नाही. हे मला अजून लागतं.

2013 च्या कायद्यातही क्रीडासंकुल, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तरी 2023 मध्ये ऑलिम्पिक पदकविजेत्या साक्षी मलिकला जंतरमंतरवर बसावं लागलं! अमेरिकेत विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत नियमपालनासाठी पगारी माणसं असतात, त्यांत कायद्याचे पदवीधर पुष्कळ. आपल्याकडे तशी नोकरी कोण देणार? बाहेरच्या सदस्याला नियमाने बैठकीच्या दिवसाचे 200 रुपये आणि प्रवासखर्च. यात पोट भरत नाही, हे घरच्यांना खरंच सांगा. पण त्या खुर्चीवर नियम वाचलेली बाई नसली की काय होतं, ते मी माझ्याच अज्ञानातून पाहिलं.

चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. स्पर्धांसाठी मुली पहाटे निघतात, रात्री परततात. संघ निघण्याआधी त्यांच्याशी बोलायचं आहे: गाडीत बाई कोण, समितीत कोण, तक्रार कुठे द्यायची. एलएल.बी. करणाऱ्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे नावं द्या. नियमावलीच्या झेरॉक्स आणल्यात, कॅम्पसच्या व्याख्येखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.