जुना ‘आय-फाइव्ह’ की नवा साधा?



गटाच्या हिशोबासाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की दुकानदार दोन पर्याय सांगतो. एक, वापरलेला ‘आय-फाइव्ह’. दुसरा, नवा, पण साध्या प्रोसेसरचा.

‘आय-फाइव्ह’ या नावाला भुलू नका, पुढचा आकडा वाचा. ६५०० म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची. ८५०० म्हणजे आठवी, २०१८ सालची. कॉम्प्युटर चालू करून सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ उघडलं की हा आकडा दिसतो.

आकड्याला एवढं महत्त्व का? विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. गटाचं बँकेचं काम ज्यावर करायचं, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळायलाच हवेत. म्हणून सहावी पिढी स्वस्त मिळाली तरी नको.

हिशोब, पत्रं, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल, तर नवा इंटेल एन-१०० पुरतो. त्याला चार कोर असतात, वॉरंटी मिळते. तो ६ वॅटचा, तर ८५०० हा ६५ वॅटचा. म्हणजे विजेचीही बचत. पापड-मसाल्यांची लेबलं, फोटो, व्हिडिओ अशी जड कामं असतील, तर सहा कोरचा ८५०० बरा.

कुठलाही घ्या, ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघूनच घ्या. पैसा सगळ्याजणींच्या बचतीचा आहे. प्रोसेसरचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या आणि बैठकीत वाचून दाखवा.